बोलायचंय फक्त, मग डेटाचे पैसे कशाला?

पोस्ट लांब आहे. पण घरात एखादा बटणांचा फोन असेल, आई-वडिलांच्या मोबाइलचं रिचार्ज तुम्ही करत असाल किंवा बँकेच्या ओटीपीपुरतं एखादं दुसरं सिम जिवंत ठेवत असाल, तर शेवटपर्यंत वाचा. वर्षाला पाचशे-सातशे रुपये वाचतील. आणि थोडा रागही येईल, तो यायलाच हवा.

सरळ प्रश्न विचारतो. ज्या माणसाला फोनवर फक्त बोलायचंय, ज्याच्या फोनमध्ये इंटरनेट चालतच नाही, त्याने दर २८ दिवसांनी २ जीबी डेटा का विकत घ्यायचा? वाण्याकडे मीठ मागितलं आणि तो म्हणाला, "सोबत साबण घ्यावाच लागेल, नाहीतर मीठ मिळणार नाही," तर आपण दुकान बदलू. इथे दुकानं मोजून तीन-चार, आणि त्यातल्या मोठ्या दुकानांची पाटी जवळपास सारखीच.

थोडं मागे जाऊया. १ मे २००३ पासून आपल्याकडे इनकमिंग फुकट झालं. २००५-०६ च्या सुमारास ९९९ रुपयांत 'लाइफटाइम इनकमिंग'च्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या होत्या. तेव्हा लोकांचा समज साधा होता. सिम आपलं, नंबर आपला, आपण फोन केला तर पैसे, आलेला फोन फुकट.

२०१८ च्या अखेरीस हा हिशोब बदलला. दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज करा, नाहीतर आधी आउटगोइंग बंद आणि मग काही दिवसांनी इनकमिंगही बंद. ज्यांच्या खात्यात पैसे शिल्लक आहेत त्यांची सेवा तोडू नका, असं तेव्हा ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, कंपन्यांना सांगावं लागलं होतं. पण पायंडा पडला तो पडलाच. फोन वापरण्याचे पैसे वेगळे आणि फोन 'चालू ठेवण्याचे' पैसे वेगळे.

आता एकट्या एअरटेलची चढण बघा. जुलै २०२१ मध्ये ४९ चा पॅक बंद झाला आणि सुरुवात ७९ पासून झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ७९ चे ९९ झाले. २०२३ मध्ये किमान रिचार्ज १५५ वर गेलं, तेही २४ दिवसांसाठी. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा २ जीबीवाला पॅक १९९ ला. त्याच दरवाढीत जिओचा असाच पॅक १८९ झाला. व्होडाफोन आयडियाही १९९ वर. तीन वर्षांत ४९ चे १९९, म्हणजे चौपट. आणि हे २८ दिवस म्हणजे महिना नव्हे हेही लक्षात ठेवा. वर्षात महिने बारा, पण रिचार्ज तेरा.

कंपन्यांची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. ते म्हणतात, तेव्हा ४९ मध्ये जेमतेम ३८ रुपयांचा टॉकटाइम होता, आज कॉल अमर्याद आहेत. बरोबर आहे. ते म्हणतात, टॉवरला वीज लागते, स्पेक्ट्रम लिलावात घ्यावं लागतं, ५जी उभारायला पैसा लागतो. तेही बरोबर. पण सोलापूरच्या एखाद्या वस्तीवरची आजी, जिचा फोन २जी आहे आणि जिला आठवड्यात मुलीचे दोन फोन येतात, तिने ५जी चा खर्च का भरायचा? तिला अमर्याद बोलायचं नाहीच. तिला फोन आला की वाजायला हवा, एवढंच. एअरटेलच्या वरिष्ठांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलंय की दर ग्राहकामागे महिन्याची सरासरी कमाई ३०० रुपयांपर्यंत जायला हवी. सरासरी वर न्यायची तर तळाचा माणूस वर ढकलावा लागतो. ढकललं जाणारं माणूस म्हणजे ही आजी.

आता म्हणाल, मग सरकारने काहीच केलं नाही का? केलं. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला किमान एक पॅक द्यायलाच हवा, असा नियम आला. अशा खास पॅकची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस ठेवता यायची, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. नियम चांगला. हेतू चांगला. ट्रायचं त्याबद्दल कौतुकच.

पुढे काय झालं ते बघा, कारण खरी गंमत तिथेच आहे.

एअरटेलचा ८४ दिवसांचा ६ जीबीचा पॅक ५०९ रुपयांना होता. जानेवारी २०२५ मध्ये डेटा काढून टाकला आणि किंमत ठेवली ४९९. सहा जीबी गेले, सूट दहा रुपये! जिओचा ८४ दिवसांचा ६ जीबीचा पॅक ४७९ ला होता, बिनडेटाचा आला ४५८ ला. आरडाओरडा झाला. ट्रायने दर तपासू असं म्हटलं आणि काही दिवसांतच एअरटेल ४६९ वर आणि जिओ ४४८ वर उतरलं. म्हणजे आधीचे दर कमी करता येत होते, एवढं तरी सिद्ध झालं.

तरीही जिओचा हिशोब पुन्हा मांडून बघा. ४७९ वजा ४४८ म्हणजे ३१ रुपये. सहा जीबी काढून घेतल्याबद्दल ग्राहकाला परत मिळाले ३१. त्याच जिओकडे तेव्हा नुसता ६ जीबीचा जादा डेटा पॅक घ्यायला गेलं की किंमत होती ६९. देताना ६९ आणि काढून घेताना ३१. याला नियमाची अंमलबजावणी म्हणायचं की नियमाची चेष्टा?

दुसरी मेख मुदतीची. डेटा नसलेले हे पॅक निघाले ते ८४ दिवसांचे किंवा वर्षाच्या आसपासचे. २८ किंवा ३० दिवसांचा बिनडेटाचा पॅक या दोघांनी तेव्हा काढलाच नाही. म्हणजे स्वस्तात बोलायचं तर आधी ४४८ किंवा ४६९ रुपये एकदम मोजा. महिन्याला पगार मिळणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला विचारा, साडेचारशे एकरकमी काढणं म्हणजे काय असतं. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याला दिवसाला साधारण साडेपाच रुपये पडतात. ज्याच्याकडे नाहीत तो २८ दिवसांचा १९९ चा पॅक घेतो, त्याला दिवसाला सात पडतात. गरिबाला महाग आणि सधनाला स्वस्त, असा हा हिशोब आहे.

तिसरी मेख लपवण्याची. रिचार्जचं कुठलंही अॅप उघडा. पहिल्या पडद्यावर रोज दीड जीबी, रोज दोन जीबी, सोबत सिनेमे आणि क्रिकेट. बिनडेटाचा पॅक शोधायचा तर बोट दुखेपर्यंत खाली सरकायचं. ज्यांच्यासाठी हा पॅक आहे ती माणसं अॅप वापरतच नाहीत, ती दुकानात जातात. आणि दुकानदार सवयीने विचारतो, "एकशेनव्याण्णवचा मारू का?"

कोणी म्हणेल, अरे पण महिन्याला दोनशे रुपयांनी काय होतंय? दोन वडापाव आणि चहा कमी. ज्याला असं वाटतं त्याने पुढचा हिशोब वाचावा.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत बहुतेक लाभार्थ्यांना महिना १५०० रुपये मिळतात. लाडक्या बहिणीलाही १५००. त्यातून २८ दिवसांना १९९ म्हणजे प्रत्येक हप्त्यातले तेरा टक्के मोबाइल कंपनीला. वर्षाची १३ रिचार्ज म्हणजे २,५८७ रुपये. जवळपास पावणेदोन महिन्यांचं अनुदान फक्त फोन जिवंत ठेवण्यात गेलं.

"मग नको वापरू म्हणावं फोन." हेही उत्तर तयार असतं. पण ती ते करू शकते का? लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी २०२५ मध्ये सक्तीचं झालं तेव्हा ओटीपी कुठे येत होता? लाभार्थी बाईच्या आणि तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर. बँकेत पैसे आले तर मेसेज मोबाइलवर. गॅसचा नंबर लावायचा तर मोबाइल. म्हणजे सरकारी दारात उभं राहायचं तर चालू मोबाइल नंबर हवा आणि तो चालू ठेवायचं भाडं खासगी कंपनीला द्यायचं. पूर्वी ओळख पटवायला तलाठ्याचा दाखला लागायचा, आता रिचार्ज लागतं. ही गोष्ट साधी नाही. नंबर हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही, तो रेशनकार्डासारखा झालाय. रेशनकार्ड दर २८ दिवसांनी १९९ रुपये भरून नवं करायला लावलं असतं तर मोर्चे निघाले असते.

आणि नंबर बंद पडू दिला तर? बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आपला नंबर सुटला तर त्यावरचा खासगी डेटा आधी काढून टाकायची काळजी ग्राहकानेच घ्यावी, असं न्यायालयाने म्हटलं. आता विचार करा. म्हातारीच्या बँकखात्याला जोडलेला नंबर उद्या अनोळखी माणसाच्या हातात. तिच्या खात्याचे ओटीपी त्याच्या फोनवर.

एक गोष्ट आणखी. जिओभारत नावाचा ४जी बटणांचा फोन जुलै २०२३ मध्ये आला, ९९९ रुपयांत. त्या फोनसाठी २८ दिवसांचा पॅक १२३ रुपयांना, अमर्याद कॉल आणि वर १४ जीबी डेटा. म्हणजे १२३ मध्ये २८ दिवस कॉल देणं परवडतं! पण अट काय, तर फोन त्यांचाच हवा. तुमचा जुना, धडधाकट हँडसेट असेल तर तोच आवाज १८९ ला. तेव्हा 'खर्च भागत नाही' हे कारण पुन्हा ऐकवू नका. भागतो. ग्राहक खुंटीला बांधला की नीट भागतो.

असो. राग व्यक्त करून झाला, आता कामाचं बोलू. खालच्या गोष्टी घरी आजच करा. दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवसाची किंमत आणि मुदत कंपनीच्या स्वतःच्या अॅपवर किंवा दुकानात विचारून घ्या.

१) घरातली सगळी सिम कागदावर लिहा. कोणतं कशासाठी? बटणांचा फोन, ओटीपीपुरतं दुसरं सिम, घरी वाय-फाय असलेल्या आई-बाबांचा फोन. या तिन्हींना रोज दीड जीबीचा पॅक लागत नाही.

२) दुकानात गेल्यावर "रिचार्ज मारा" म्हणू नका. "नेट नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक आहे ना, तो हवा," असं स्पष्ट सांगा. नाही म्हणाला तर त्याला शोधायला लावा, पॅक आहे. वर दिलेल्या दरांनी एअरटेलचा ३६५ दिवसांचा पॅक १८४९ ला पडतो. १३ वेळा १९९ भरण्यापेक्षा ७३८ रुपये कमी. जिओचा ३३६ दिवसांचा १७४८ ला. तेवढ्याच दिवसांसाठी १२ वेळा १८९ भरले तर २२६८ होतात, म्हणजे ५२० वाचले. एवढे एकदम भरणं आईला जमत नसेल तर मुलांनी भरा. दिवाळीची भेट म्हणून साडीसोबत हेही द्या.

३) जुना २जी फोन असेल तर तो जिओवर चालणार नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. कोणी स्वस्तात सिम देतोय म्हणून आजीचा नंबर तिकडे वळवू नका, आधी हँडसेट ४जी आहे का बघा.

४) मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ८४ वा दिवस लक्षात राहत नाही, आणि 'आजीचा फोन लागत नाही' हे कळेपर्यंत आठवडा जातो.

५) वीस रुपयांचा नियम माहीत असू द्या. ९० दिवस वापर झाला नाही तरी खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर नंबर लगेच रद्द होत नाही. २० रुपये कापून ३० दिवस पुढे ढकलला जातो. हा नियम २०१३ पासून आहे. पण गैरसमज नको. यामुळे नंबर तुमच्या नावावर टिकतो, पॅक संपल्यावर इनकमिंग आणि ओटीपी येत राहतील याची ही हमी नाही. बँकेच्या नंबरसाठी यावर विसंबू नका.

६) एखादं सिम सोडूनच द्यायचं ठरलं तर आधी बँक, आधार, गॅस, पेन्शन सगळीकडे नंबर बदला. व्हॉट्सअॅपचं खाते त्या नंबरवरून काढा. आणि मगच सिम सोडा. क्रम उलटा करू नका.

७) कंपनी पटत नसेल तर नंबर न बदलता कंपनी बदला. मेसेजमध्ये इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० ला पाठवा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. नव्या कंपनीकडे ओळखपत्र घेऊन जा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. आणि प्रीपेडमध्ये उरलेला बॅलन्स पुढे जात नाही, तेव्हा पॅक संपत आल्यावर करा. जाण्याआधी आपल्या घरात त्या कंपनीची रेंज येते का ते शेजाऱ्याला विचारा. बीएसएनएल स्वस्त आहे, पण तुमच्या गल्लीत रेंज नसेल तर स्वस्ताईचा उपयोग नाही.

८) न मागितलेला पॅक किंवा सेवा मारली, पैसे कापले, तर गप्प बसू नका. १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. आणि मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. "आमच्यावर तिथे केस होत नाही" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

पण हे सगळं झालं वैयक्तिक पातळीवर. आपण हुशारीने पाचशे रुपये वाचवले म्हणून आजीचा प्रश्न सुटत नाही. म्हणून मागण्याही ठोस करूया.

एक, बिनडेटाचा पॅक ३० दिवसांचाही द्या, फक्त ८४ आणि ३६५ चा नको. २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा पॅक ठेवायला लावलाच ना? तोच नियम इथेही लावा.

दोन, फक्त इनकमिंग आणि एसएमएसचा एक पॅक काढा, ज्याची किंमत निराधार अनुदानातून भरता येईल. दर ठरवण्याचं स्वातंत्र्य कंपन्यांना आहे हे मान्य. पण ट्राय कायद्याने दर ठरवण्याचा अधिकार नियामकाकडे ठेवलाय, आणि देशांतर्गत रोमिंगच्या दरांवर कमाल मर्यादा घालून तो वापरलाही आहे. मग इथे हात का आखडता?

तीन, प्रत्येक अॅपवर आणि दुकानातल्या फलकावर सगळ्यांत स्वस्त पॅक सगळ्यांत वर दाखवणं सक्तीचं करा. औषधाच्या पाकिटावर किंमत लपवलेली चालत नाही, इथे का चालते?

चार, आणि ही मागणी राज्य सरकारकडे. ज्या योजनेचा लाभ गरिबाला द्यायचाय तिथे मोबाइलचा ओटीपी हा एकमेव दरवाजा ठेवू नका. ग्रामपंचायतीत, सेतूमध्ये अंगठ्याने किंवा कागदाने ओळख पटवायची सोय चालू ठेवा. पैसे तुम्ही द्यायचे आणि चावी कंपनीच्या हातात, हा कारभार बरा नव्हे.

आमदार-खासदार निवडणुकीच्या सभेत डिजिटल महाराष्ट्र म्हणतात, म्हणू देत. पुढच्या वेळी दारात आले की एकच विचारा, "साहेब, आमच्या म्हातारीचा फोन वाजता ठेवायला महिन्याला किती लागतात, माहीत आहे का?" बहुतेकांना माहीत नसेल, त्यांचं रिचार्ज दुसरंच कोणीतरी करतं.

तुमच्या भागात बिनडेटाचा पॅक दुकानात मिळतो का, कितीला मिळाला आणि दुकानदार काय म्हणाला, ते खाली गावाच्या नावासह लिहा. कंपनीचं समर्थन करणाऱ्यांचंही स्वागत आहे, फक्त आकडे घेऊन या. आणि ज्यांचे आई-वडील गावाकडे एकटे राहतात त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा. त्यांच्या सिमची मुदत कधी संपते हे आज रात्री फोन करून विचारा. फोन लागला तर.